ब्लॅक अँड व्हाइट लँडस्केप एडिटिंग आणि क्रॉपिंग (खान्देशच्या संदर्भात)

रंगीत फाइलमधल्या कोणत्या रंगाला किती करडा टोन द्यायचा आणि फ्रेमचा कोणता भाग ठेवायचा, हे दोन निर्णय म्हणजेच ब्लॅक अँड व्हाइट लँडस्केपचं एडिटिंग. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट सगळ्यांना माहीत आहे, त्यावर इथे वेळ घालवत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे काळी जमीन, केळीच्या बागा आणि उन्हाळ्यातली धूळ यांमुळे रेडीमेड प्रीसेट (आधीच ठरवून ठेवलेली एडिटिंगची सेटिंग) बऱ्याचदा फसतात, म्हणून ही नोंद खान्देशापुरती.

हे काम कंप्युटरच्या आधीपासूनचं आहे. सुरुवातीच्या फोटोच्या काचेच्या प्लेटा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच संवेदनशील असायच्या, त्यामुळे आकाश कोरं पांढरं यायचं. यावर फ्रेंच फोटोग्राफर गुस्ताव ल ग्रे याने साधारण 1856-57 च्या सुमारास समुद्राच्या काही फोटोंत आकाश आणि पाणी वेगवेगळ्या निगेटिव्हवरून एकाच प्रिंटमध्ये जोडलं. 1873 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फोगेलने रंगद्रव्य घालून प्लेट हिरव्यालाही संवेदनशील करता येते हे दाखवलं, आणि सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा 1906 च्या आसपास विकायला आल्या. खान्देशच्या सीमेवरच्या अजिंठ्याचे फोटो काढणारा मेजर रॉबर्ट गिल (मृत्यू 1879, कबर भुसावळला) पॅनक्रोमॅटिक प्लेटांच्या आधीचा, म्हणून त्या काळच्या बाहेरच्या दृश्यांत आकाश रिकामं दिसलं तर तो फोटोग्राफरचा दोष धरू नये.

क्रॉपिंगच्या चर्चेत रूल ऑफ थर्ड्स (फ्रेमचे तीन समान भाग धरून मांडणी करायचा नियम) येतोच, आणि त्याच्या उगमावर वाद आहे. तो ग्रीकांच्या सुवर्ण गुणोत्तरातून आला असं बरेच जण लिहितात, पण ते गुणोत्तर साधारण 0.618 आणि दोन तृतीयांश म्हणजे 0.667, दोन्ही जवळचे असले तरी एक नाहीत. दुसरं मत इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथच्या 1797 च्या ग्रामीण देखाव्यांवरच्या पुस्तकाकडे बोट दाखवतं. चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सने चित्रातल्या उजेड-अंधाराच्या प्रमाणाबद्दल लिहिलं होतं, त्यावरून स्मिथने आकाशाला दोन तृतीयांश किंवा एक तृतीयांश जागा द्यावी असं सुचवलं आणि नियमाला रूल ऑफ थर्ड्स हे नावही दिलं. हे मत जास्त पटण्यासारखं आहे, कारण त्यात लेखी पुरावा आहे. मात्र कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसणारी नऊ चौकोनांची जाळी आणि छेदबिंदूंवर विषय ठेवायचा आग्रह नंतरचा दिसतो, स्मिथचा भर प्रमाणावर होता.

आता प्रत्यक्ष काम. रंगीत फाइल करडी करताना सॉफ्टवेअर बहुधा हिरव्याला सगळ्यात जास्त वजन देतं (एका प्रचलित सूत्रात लाल 0.299, हिरवा 0.587, निळा 0.114), म्हणून रावेर-यावलची केळीची बाग आणि मागचा निळसर सातपुडा कधीकधी एकाच करड्यात मिसळून जातात. यावर ब्लॅक अँड व्हाइट मिक्सर (प्रत्येक रंगाचा करडा टोन वेगळा ठरवणारे स्लायडर) वापरावा, हिरवा-पिवळा वाढवला की पानं उजळतात, निळा कमी केला की आकाश आणि लांबचे डोंगर गडद होतात. पावसाळ्यानंतरचं निळसर धुकं लाल चॅनलवर (फाइलमधल्या फक्त लाल रंगाच्या माहितीवर) बरंचसं कापलं जातं, पण मे महिन्यातली धूळ तशी जात नाही, कारण तिचे कण मोठे असतात आणि सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, मग लाल स्लायडर कितीही ओढा, डोंगर फिकाच राहतो. अशा दिवशी धूळ कापायचा हट्ट सोडावा, एकामागे एक रांगा फिकट होत जातात तशाच राहू द्याव्यात म्हणजे खोली दिसते, आणि हे जास्त सुंदर लागतं. निळा स्लायडर फार खाली ओढला तर मात्र डोंगराच्या कडेला पांढरी रेघ येते आणि आकाशात दाणे उठतात, म्हणून रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलवर) काम करावं. 8 बिटच्या जेपेगमध्ये दर चॅनलला फक्त 256 पायऱ्या असतात, त्या आकाशात पट्टे होऊन दिसायला लागतात.

क्रॉप टोनच्या आधी करावा, आणि त्याच्याही आधी क्षितिज सरळ. पांढरं आकाश कापल्यावर उरलेल्या चित्राचा हिस्टोग्रामच (उजेड-अंधाराच्या प्रमाणाचा आलेख) बदलतो आणि आधी केलेला कॉन्ट्रास्ट वाया जातो. तापीच्या सपाटीवरून दिसणाऱ्या सातपुड्याला रुंद पट्टी शोभते: 6000 बाय 4000 पिक्सेलच्या फोटोतून 3:1 चा क्रॉप घेतला तर 12 मेगापिक्सेल उरतात आणि 300 डीपीआयवर (दर इंचाला 300 पिक्सेल) 20 इंच रुंद प्रिंट निघते, तेवढं पुरे.

धुळे-नंदुरबार भागातल्या बेसॉल्टच्या डाइक, म्हणजे भिंतीसारख्या लांब सरळ टेकड्या, बऱ्याचशा पूर्व-पश्चिम पसरलेल्या आहेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे एक बाजू उजळ आणि उत्तरेची बाजू काळी, इथे एडिटिंगला फारसं काही करावं लागत नाही. जूनमध्ये दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, सावलीच नसते, आणि नसलेली सावली डॉज-बर्नने (भाग निवडून उजळ किंवा गडद करण्याने) रंगवली तर ती खोटी दिसते.

प्रिंटसाठी मॅट कागद घेतला तर गडद टोन एकमेकांत मिसळून जातात, म्हणून नांगरलेल्या काळ्या रानाच्या फोटोत सावल्या स्क्रीनपेक्षा थोड्या उघड्या ठेवाव्यात.