थायरॉईडची गाठ न कापता: सुईच्या उपचारामागची पार्श्वभूमी

नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेत सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊन बाहेर पडणाऱ्या कित्येकांना गळ्यात काही आहे याची कल्पनाच नसते. आलेले असतात साध्या हेल्थ चेकअपला, आणि कागदावर 'थायरॉईड नोड्यूल', म्हणजे गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीतली गाठ, असं छापून येतं. हाताने तपासून शंभरात पाचेक जणांना सापडणारी गाठ सोनोग्राफीत निम्म्या प्रौढांमध्येही दिसू शकते. त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त गाठी साध्या, म्हणजे कॅन्सरच्या नसतात. मग त्यांचं करायचं काय? आज गाठीत सुई घालून ती आतल्या आत जाळण्याचाही पर्याय आहे.

एकेकाळी उत्तर एकच होतं, कापा. तेही धाडसाचंच, कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गलगंडाच्या ऑपरेशनमध्ये रक्तस्रावाने आणि जंतुसंसर्गाने माणसं दगावत. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या थिओडोर कोखर यांनी शांतपणे, एकेक रक्तवाहिनी बांधत काम केलं आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात बारा-तेरांवरून एकाच्याही खाली आणलं. पण १८८३ मध्ये त्यांच्याच लक्षात आलं, की संपूर्ण ग्रंथी काढलेले रुग्ण सुस्त, सुजलेले होतात. ग्रंथी कशासाठी असते हे त्यातून उमगत गेलं. या कामासाठी त्यांना १९०९ चं नोबेल मिळालं.

आपल्याकडे गलगंड म्हटलं की आयोडीनची कमतरता आठवे. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, पुढे मीठ आयोडीनयुक्त झालं. मधल्या काळात गाठ आक्रसावी म्हणून थायरॉक्सिनच्या, म्हणजे थायरॉईडच्याच संप्रेरकाच्या, गोळ्याही भरपूर दिल्या गेल्या. फायदा बेताचा, हृदयाची धडधड आणि हाडांची झीज मात्र वाढे, म्हणून तो प्रघात मागे पडला.

सुई आली ती इटलीतून. १९९० च्या सुमारास तिथे गाठीत अल्कोहोल टोचायला सुरुवात झाली. पाण्याने भरलेल्या गाठींसाठी ते आजही उत्तम चालतं. २००० च्या आसपास लेझर आलं. यकृताच्या गाठी जाळायला वापरली जाणारी रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे सुईच्या टोकाशी विद्युतप्रवाहाने उष्णता निर्माण करण्याची पद्धत, गळ्यात आणून घडवली ती दक्षिण कोरियाने. मानेवर व्रण नको हा तिथला आग्रह त्यामागे होताच.

यातलं खरं कसब हालचालीत आहे. मान लहान, आणि गाठीच्या मागेच आवाजाची नस. म्हणून सुई एका जागी न ठेवता, मानेच्या मधल्या बाजूने आत घालून, खोल भागापासून वर सरकवत थोडं थोडं जाळत येतात. रुग्ण जागा असतो. मधूनमधून त्याला बोलायला लावतात, आवाज बसला की थांबतात. गाठ नाहीशी होत नाही. वर्षभरात साधारण निम्म्याहून अधिक आकसते, आणि कडेला जिवंत राहिलेला भाग पुढे पुन्हा वाढू शकतो.

जाहिरातीत न येणारी गोष्ट अशी, की कापलेली गाठ पूर्ण तपासणीला जाते, जाळलेली जात नाही. त्यामुळे सुईआधी एफएनएसीचा, म्हणजे बारीक सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट, शक्यतो दोनदा, साधी गाठ असल्याचा हवा. हे टाळून घाई करणारा डॉक्टर मला तरी नको.

गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून नागपूरच्या 'मेडिकल'ला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, येणाऱ्या रुग्णाची गाठ छातीत उतरून श्वासनलिका दाबत असेल, तर आजही बहुतेकदा ऑपरेशनच करावं लागतं. आणि काहीच त्रास नसलेल्या छोट्या साध्या गाठीला ना सुई लागते ना सुरी. ठरल्या मुदतीने सोनोग्राफी पुरते.