झुंबड कशी उडते?

नोव्हेंबर १९८३. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या विल्क्स-बॅरी या गावात एका मोठ्या दुकानाबाहेर सुमारे हजार माणसं ताटकळत उभी होती. त्यांना हवी होती कॅबेज पॅच नावाची गोबऱ्या गालांची बाहुली. दारं उघडली, लोक आत घुसले आणि पाहता पाहता एकमेकांच्या हातातले खोके हिसकावण्यापर्यंत मजल गेली. धक्काबुक्कीत एका बाईचा पाय मोडला. दुकानाचा मॅनेजर बेसबॉलची बॅट घेऊन काउंटरमागे उभा राहिला. ही गर्दी काही गुंडांची नव्हती. नाताळ तोंडावर आला होता आणि लोक मुलाबाळांसाठी खेळणं न्यायला आले होते.

त्यानंतर वस्तू बदलत गेल्या, प्रकार तोच राहिला. १९९६ च्या डिसेंबरात कॅनडातल्या फ्रेडरिक्टन शहरात ‘टिकल मी एल्मो’ या खेळण्यासाठी धावलेल्या जमावाने दुकानातल्या एका कर्मचाऱ्याला तुडवलं, त्याची बरगडी मोडली. नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ हा व्हिडिओ गेमचा संच विक्रीला आला तेव्हा अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात रांगेत थांबलेल्या एकावर लुटारूंनी गोळी झाडली. डिसेंबर २०११ मध्ये एअर जॉर्डन बुटांसाठी जमलेल्या गर्दीला आवरायला सिअ‍ॅटलजवळ पोलिसांना पेपर स्प्रे वापरावा लागला. मे २०२५ मध्ये लबूबू बाहुल्यांवरून मारामाऱ्या होऊ लागल्यावर पॉप मार्ट कंपनीने ब्रिटनमधल्या आपल्या दुकानांत त्यांची विक्री थांबवली.

अशी बातमी वाचली की ‘लोकांना वेड लागलंय’ असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे म्हणणं पटत नाही. मानसशास्त्राने, मेंदूविज्ञानाने आणि भौतिकशास्त्रानेही गेल्या पन्नासेक वर्षांत या झुंबडीची बरीच उकल केली आहे. ती पाहिली की माणसांच्या स्वभावापेक्षा विक्रीच्या मांडणीकडेच जास्त बोट जातं.

सुरुवात बिस्किटांपासून करू. १९७५ साली स्टीफन वॉर्चेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. काही जणांसमोर दहा बिस्किटांची बरणी ठेवली, काहींसमोर दोनच बिस्किटांची. बिस्किटं एकाच प्रकारची. दोनच्या बरणीतली बिस्किटं लोकांना जास्त हवीशी वाटली, जास्त किमतीची वाटली. मग त्यांनी काही जणांना आधी दहाची बरणी दिली आणि डोळ्यांदेखत ती काढून घेऊन दोनची दिली. आता ओढ आणखी वाढली. आणि ‘बाकीच्यांनी खूप खाल्ली म्हणून कमी पडली’ असं कळलं तेव्हा ती सगळ्यात जास्त होती. चवीला मात्र ही बिस्किटं अधिक चांगली आहेत असं कुणी म्हटलं नाही. ‘हवं असणं’ वाढलं, ‘आवडणं’ होतं तिथेच राहिलं.

हा फरक मेंदूतही दिसतो. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन हे रसायन जवळजवळ नाहीसं केलं. ते उंदीर समोर ठेवलेल्या अन्नाकडे फिरकेनासे झाले, पण त्यांच्या जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की पूर्वीसारखेच मिटक्या मारायचे. म्हणजे चव घेण्याची यंत्रणा शाबूत होती, चवीमागे धावण्याची बंद पडली होती. आपण ज्याला सरसकट ‘आनंदाचं रसायन’ म्हणतो ते डोपामिन प्रामुख्याने धावायला लावणारं रसायन आहे. वोल्फराम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत पुढचा दुवा सापडला. आधी दिवा लागायचा, मग फळाचा रस मिळायचा. माकडाला हा क्रम कळल्यावर डोपामिनच्या पेशी रस मिळताना शांत राहू लागल्या आणि दिवा लागताच उसळू लागल्या.

नव्या वस्तूची जाहिरात महिनाभर चालते, टीझर येतात, उलटी मोजणी सुरू होते. हे सगळे म्हणजे एकामागून एक लावलेले दिवे. वस्तू हातात पडण्याच्या कितीतरी आधी मेंदूचं काम सुरू झालेलं असतं. पहाटे तीन वाजता रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ‘ही वस्तू तुला खरंच इतकी आवडते का?’ असं विचारण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. त्याला तिथे आणणारी यंत्रणा आवडीची नाहीच.

पण हवं वाटणं आणि अंगावर धावून जाणं यांत बरंच अंतर आहे. ते अंतर कशाने कापलं जातं?

दुकानदार टंचाई दोन तऱ्हांनी दाखवतो. एक, ‘आज रात्री बारापर्यंतच’. दोन, ‘शेवटचे पन्नास नग’. वरवर दोन्ही सारखंच वाटतं, पण पहिल्यात माझी स्पर्धा घड्याळाशी असते आणि शेजारच्याला वस्तू मिळाल्याने माझं काही जात नाही. दुसऱ्यात शेजारचा एक नग उचलतो तेव्हा माझ्या वाट्याचा एक नग कमी होतो. पंकज अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं की नगांची मर्यादा वेळेच्या मर्यादेपेक्षा जास्त परिणामकारक ठरते, आणि तिच्या मुळाशी ग्राहकांमधली हीच चुरस असते. कर्क क्रिस्टोफरसन आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास तर मला या सगळ्या संशोधनातला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. त्यांनी लोकांना मोजक्याच नगांच्या विक्रीची जाहिरात दाखवली. एवढंच. ना गर्दी, ना दुकान. त्यानंतर त्याच लोकांना व्हिडिओ गेम खेळायला दिला तेव्हा त्यांनी इतरांपेक्षा जास्त गोळ्या झाडल्या. जाहिरात पाहिलेल्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे चुरशीशी आणि आक्रमकतेशी जोडलं जाणारं संप्रेरकही वाढलेलं आढळलं. ज्या वस्तूची जाहिरात होती तिचा त्या खेळाशी काडीचाही संबंध नव्हता. समोरचा माणूस प्रतिस्पर्धी आहे, हे शरीराने आधीच मान्य करून टाकलं होतं.

इतकं असूनही बहुतेक रांगा शांतपणे पार पडतात, ही मला सगळ्यात विचार करण्याजोगी गोष्ट वाटते.

लिओन मान या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मेलबर्नमध्ये फुटबॉलच्या अंतिम सामन्यांच्या तिकिटांसाठी रात्रभर लागणाऱ्या रांगांचा अभ्यास केला. तिथे पोलीस जवळपास नव्हतेच, तरी नियम होते. काही तासांपुरतं कुणी उठून गेलं तरी त्याची जागा राहायची. गटातले लोक पाळीपाळीने थांबायचे. पण नुसतं सामान टाकून कुणी फार वेळ गायब झाला, तर त्याचा हक्क संपला असं मानलं जायचं. कुणी न शिकवता अनोळखी माणसांनी एका रात्रीपुरतं छोटंसं राज्य उभं केलं होतं. पुढे मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या १२९ रांगांत मुद्दाम आपली माणसं घुसवली. हा अभ्यास १९८६ मध्ये, मिलग्रॅम यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. एकच माणूस मध्ये घुसला तर ५४ टक्के वेळा कुणीतरी हरकत घेतली. दोघे घुसले तर ९१ टक्के वेळा. बहुतेकदा बोलायचा तो घुसखोराच्या लगेच मागे उभा असलेला माणूस. तो गप्प बसला तर बाकीचेही सहसा गप्प बसायचे. रांगेची राखण अशी एकेका जोडावर चाललेली असते, आणि ती टिकते ती ‘आपला नंबर येईल’ या भरवशावर.

हा भरवसा तुटला की काय होतं ते बीजिंगमध्ये १३ जानेवारी २०१२ ला दिसलं. आयफोन ४एसच्या विक्रीसाठी सानलितुन भागातल्या अ‍ॅपल स्टोअरबाहेर लोक कडाक्याच्या थंडीत रात्रभर उभे होते. त्यांत चढ्या भावाने फोन विकणाऱ्या दलालांनी पैसे देऊन आणलेली माणसंही होती. गर्दी पाहून कंपनीने सकाळी दुकान उघडायचंच नाही असं ठरवलं. थोड्याच वेळात काचांवर अंडी फुटू लागली. निर्णय सुरक्षेसाठी घेतला होता आणि त्या क्षणी तो बरोबरही असेल. पण रात्रभर उभं राहून कमावलेला नंबर एका घोषणेने शून्यावर आला होता. किती फोन आहेत, कितव्या नंबरापर्यंत पुरतील, हे आदल्या संध्याकाळी सांगून टोकन वाटली असती तर मागचे लोक तेव्हाच घरी गेले असते.

आता दाराकडे येऊ, कारण जीव जातात ते तिथे.

गर्दी विरळ असते तोवर माणूस स्वतःच्या मनाने चालतो. एका चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसं झाली की पाऊल टाकायला जागा उरत नाही. सातच्या आसपास पोहोचल्यावर गर्दी जवळजवळ द्रवासारखी वागू लागते, असं अभियंता जॉन फ्रुइन यांनी नोंदवलं आहे. तिच्यातून धक्क्याच्या लाटा जातात, माणसं उचलली जाऊन कित्येक फूट लांब सरकतात. अशा वेळी बहुतेक मृत्यू तुडवल्याने होत नाहीत, गुदमरून होतात. छातीवर चहूबाजूंनी इतका दाब येतो की श्वास घ्यायला फासळ्या फुलतच नाहीत. कधी कधी माणूस उभ्या उभ्या जातो. मागच्या माणसाला पुढे काय चाललंय ते दिसत नाही आणि पुढच्याचा आवाज मागे पोहोचत नाही. मागचा फक्त थोडासा रेटा देतो. असे शेकडो थोडेसे रेटे पुढे जाऊन एकत्र होतात.

डर्क हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी २००० साली संगणकावर दाखवलं की अरुंद दारातून जाण्याची घाई जितकी जास्त, तितका बाहेर पडायला वेळ जास्त. खांद्याला खांदा भिडून दारासमोर माणसांची कमान तयार होते आणि कमानीचं कामच दाब पेलून घट्ट राहणं. स्पेनमधल्या संशोधकांनी हीच गोष्ट मेंढ्यांवर पडताळली. रोज सकाळी चाऱ्याच्या ओढीने गोठ्याच्या अरुंद दारातून मेंढ्या आत घुसायच्या आणि दारात अडकायच्या. दारासमोर थोड्या अंतरावर एक खांब उभा केल्यावर त्यांचं अडकणं कमी झालं. खांबामुळे दारावर येणारा दाब वाटला गेला. आगीपासून पळणारी गर्दी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, पण हव्या त्या गोष्टीकडे धावणारी गर्दीही तितकीच जीवघेणी ठरू शकते.

२८ नोव्हेंबर २००८ च्या पहाटे न्यूयॉर्कजवळच्या व्हॅली स्ट्रीम इथे वॉलमार्टच्या दारात सुमारे दोन हजार माणसं जमली होती. सवलतीच्या मालाच्या ओढीने पुढे सरकणाऱ्या त्या गर्दीच्या दाबाने दारं मोडली आणि दाराशी उभा असलेला ३४ वर्षांचा हंगामी कर्मचारी तिच्याखाली सापडून गुदमरून मेला. त्याला गर्दी हाताळण्याचं प्रशिक्षण नव्हतं. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने कंपनीला दंड केला तो ७,००० डॉलरचा.

यावर अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल, भाव वाढवा, रांग आपोआप आटेल. कंपन्या तसं का करत नाहीत? एक कारण डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९८६ मध्ये शोधलं. हिमवादळानंतर दुकानदाराने बर्फ उपसायचं १५ डॉलरचं फावडं २० डॉलरला विकलं तर कसं वाटेल, असं त्यांनी लोकांना विचारलं. ८२ टक्के लोकांना ते अन्यायाचं वाटलं. भाव वाढवला तर ग्राहक मनात धरतो, रांग लावली तर धरत नाही. दुसरं कारण १९९१ मध्ये गॅरी बेकर यांनी मांडलं. काही वस्तूंची मागणी इतरांच्या मागणीवरच उभी असते. बाहेरची रांग दिसेनाशी झाली तर आतल्या वस्तूची ओढही ओसरते. म्हणून भाव मुद्दाम कमी राहतो आणि त्या भावातला व खऱ्या मागणीतला फरक दलालाच्या खिशात जातो. मार्च २०२२ मध्ये स्वॉच आणि ओमेगा यांनी मिळून काढलेल्या मूनस्वॉच घड्याळाचं असंच झालं. हे घड्याळ मर्यादित संख्येत काढलेलं नाही, असं कंपनीने सांगितलं होतं. तरीही ते मोजक्याच दुकानांत ठेवल्यामुळे अनेक शहरांत गर्दी आवरेना, ब्रिटनमध्ये दुकानं बंद करावी लागली आणि त्याच दिवशी इंटरनेटवर ते कैक पट भावाने विकायला आलं. खरी टंचाई असायचीही गरज नसते, दारं थोडी असली की पुरे.

विक्री ऑनलाइन नेली की हाडं मोडत नाहीत हे खरं, पण मग रांगेची राखण करणारा तो ‘मागचा माणूस’ नाहीसा होतो. घुसखोर बॉट, म्हणजे माणसाच्या जागी आपोआप खरेदी करणारा संगणक-प्रोग्रॅम, कुणाला दिसतच नाही, हरकत कोण घेणार? नोव्हेंबर २०२२ मध्ये गायिका टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमांच्या तिकीटविक्रीच्या वेळी आपल्या यंत्रणेवर साडेतीन अब्ज विनंत्या येऊन आदळल्याचं टिकिटमास्टर या तिकीटविक्री कंपनीने सांगितलं. त्यात मोठा वाटा बॉटचा होता. यापेक्षा सोडत बरी, असं माझं मत आहे. आधी नावं घ्यायची, नंतर चिठ्ठी काढायची, जिंकणाऱ्याला वेळ ठरवून द्यायची. लवकर येण्याचा, रेटण्याचा फायदाच उरत नाही. सोडतीचीही एक बाजू लक्षात ठेवावी लागते. शुल्ट्झ यांच्याच गटाने २००३ मध्ये पाहिलं की रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा वाट पाहण्याच्या काळात डोपामिनच्या पेशी सर्वांत जास्त पेटलेल्या राहतात. आत काय निघेल ते न सांगता बंद खोक्यात बाहुल्या विकणाऱ्यांचा धंदा याच अनिश्चिततेवर चालतो. सोडतीने दार सुरक्षित होतं, ओढ कमी होत नाही.

व्हॅली स्ट्रीमच्या घटनेनंतर अमेरिकेच्या त्याच सुरक्षा विभागाने दुकानांसाठी सूचना काढल्या. दारापासून लांब सुरू होणारी, वळणं घेत जाणारी रांग ठेवा. कठडे सरळ दाराकडे नेऊ नका. टोकन किंवा मनगटपट्ट्या द्या. प्रशिक्षित माणसं नेमा. माल संपला की लगेच जाहीर करा. यातली एकही गोष्ट महाग नाही, अवघड नाही. पण या नुसत्या सूचना आहेत, त्या पाळायची सक्ती नाही. स्टेडियममध्ये सामना भरवणाऱ्याला प्रेक्षकांच्या सुरक्षेची जबाबदारी घ्यावी लागते. महिनाभर जाहिरात करून हजारो माणसांना एका दारासमोर, एका वेळी बोलावणाऱ्या कंपनीवरही तीच जबाबदारी कायद्याने यायला हवी, आणि ‘किती नग आहेत’ हा आकडा विक्रीच्या आदल्या दिवशी जाहीर करणं ही तिची पहिली अट असायला हवी.