२००६ : चौथ्या आघाडीपटूची जागा

जर्मनीतील विश्वचषकात १ जुलै २००६ रोजी गेल्सनकिर्शन येथे पोर्तुगालने इंग्लंडला पेनल्टी शूटआऊटमध्ये ३-१ असे हरवले, तेव्हा पराभवाचे खापर ६२व्या मिनिटाच्या लाल कार्डावर फुटले. वस्तुतः त्याचे मूळ ८ मे रोजी जाहीर झालेल्या इंग्लंडच्या २३ खेळाडूंच्या यादीत होते.

ती यादी इंग्लंडच्या मॅनेजरने ठरवली होती, आणि ‘मॅनेजर’ हा शब्द क्रिकेटवर वाढलेल्या मराठी वाचकाला येथे चकवतो. आपल्याकडे संघाचा मॅनेजर दौऱ्याची व्यवस्था पाहतो आणि खेळाडू निवड समिती ठरवते. इंग्लंडच्या फुटबॉलमध्येही १९४६ साली नेमलेल्या पहिल्या मॅनेजरच्या काळात अंतिम शब्द समितीचाच असे. त्याच्या वारसाने १९६२ मध्ये निवडीचा पूर्ण अधिकार मागून घेतला. यादी एकट्याची, म्हणून जाबही एकट्याला, ही रीत तेव्हाची.

२००१ मध्ये आलेला स्वीडिश मॅनेजर हा या पदावरचा पहिला परदेशी माणूस. २००२ चा विश्वचषक आणि २००४ ची युरो ही युरोपीय देशांची स्पर्धा, या दोन्हींत त्याचा संघ उपांत्यपूर्व फेरीत हरला होता, आणि विश्वचषकानंतर तो पद सोडणार हे जानेवारी २००६ मध्येच जाहीर झाले होते. कदाचित म्हणूनच त्याने एरवी केले नसते असे धाडस केले असावे.

यादीत आघाडीपटू चारच होते. एकाच्या पायाच्या पंजाचे हाड २९ एप्रिलला मोडले होते. दुसऱ्याचे तसेच हाड डिसेंबरअखेर मोडल्यापासून तो क्लबकडून जवळजवळ खेळलाच नव्हता. तिसरा उंचापुरा आणि तंदुरुस्त होता. चौथा १७ वर्षांचा मुलगा. जानेवारीत तो दुसऱ्या श्रेणीतील क्लबमधून लंडनच्या बड्या क्लबात आला होता, पण नव्या क्लबच्या मुख्य संघातून त्याने तोवर एकही सामना खेळला नव्हता. त्याच मोसमात प्रीमियर लीगमध्ये १८ गोल करून इंग्लिश खेळाडूंत अव्वल ठरलेला आघाडीपटू मात्र घरीच राहिला. टीका मुलाच्या वयावर झाली, आणि ती चुकीच्या जागी झाली असे म्हणावे लागते. दोन आघाडीपटू दुखापतीतून सावरत असताना उरलेली जागा वापरण्याजोग्या खेळाडूला द्यायला हवी होती. आणि मुलगा वापरण्याजोगा वाटत असेल, तर त्याला खेळवायला हवे होते. ३० मे रोजी हंगेरीविरुद्धच्या सराव सामन्यात तो इंग्लंडचा सर्वांत लहान आंतरराष्ट्रीय खेळाडू ठरला, तेवढेच.

२० जूनला कलोन येथे स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटाला एका आघाडीपटूचा गुडघा गेला आणि चाराचे तीन झाले. पोर्तुगालविरुद्ध एकच आघाडीपटू पुढे ठेवला होता. तोच लाल कार्ड घेऊन बाहेर गेल्यावर उंच खेळाडूला उतरवावे लागले. दहा जणांच्या संघाला वेगाने धावणाऱ्याची गरज असताना मुलगा १२० मिनिटे बाकावरच होता.

यानंतर त्या मॅनेजरच्या जागी त्याच्या सहायकालाच बढती मिळाली, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये वेम्ब्लीवर क्रोएशियाकडून २-३ असे हरल्याने इंग्लंड युरो २००८ साठी पात्रच ठरले नाही. सप्टेंबर २००८ मध्ये झाग्रेबला याच मुलाने क्रोएशियाविरुद्ध तीन गोल केले. तरीही २०१० च्या यादीतून पुढच्या परदेशी मॅनेजरने त्याला वगळले, आणि तो संघ ब्लूमफाँटेनला जर्मनीकडून ४-१ असा हरून परतला. २०१४ ची स्पर्धा गुडघ्याच्या दुखापतीने हुकली. इंग्लंडकडून ४७ सामने खेळलेल्या या खेळाडूच्या नावावर विश्वचषकातले एक मिनिटही नाही.