हळदीची ६३ गुणसूत्रे : संच तीन की नऊ?

सांगलीच्या पेठेत सौद्याला येणाऱ्या हळदीचा आकडा विषम आहे. तिच्या पेशीत गुणसूत्रे असतात ६३. गुणसूत्रे जोडीने असतात हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेले. मग इथे साडेएकतीस जोड्या कशा?

जात बदलली की आकडा बदलतो, आणि जीव किती 'वरचा' याच्याशी त्याचे काही देणेघेणे नाही. चांदोली-कोयनेच्या रानात भुंकणाऱ्या भेकराच्या मादीत ६ गुणसूत्रे, नरात ७. त्याच्या चिनी भाऊबंदात मात्र ४६. भेकराच्या वंशात गुणसूत्रे एकमेकांना चिकटत गेली. माल जवळजवळ तेवढाच, पोती कमी झाली. उलट ऑफिओग्लॉसम या बोटभर नेच्याच्या एका जातीत बाराशेच्या वर. वनस्पतींत आकडा फुगतो तो बहुधा अख्खे संच वाढल्याने. संच म्हणजे वेगवेगळ्या गुणसूत्रांचा एक पुरा डाव; आईकडून एक, बापाकडून एक, असे दोन संच नेहमीचे.

मोजणेही सोपे नव्हते. माणसाची गुणसूत्रे १९२३ पासून तेहतीस वर्षे ४८ धरली गेली. ४६ हा आकडा १९५६ मध्ये पक्का झाला. हळदीचे तेच. तिची गुणसूत्रे बारीक आणि दाटीने बसलेली. जुन्या नोंदींत कुठे ६२, कुठे ६४. १९६१ मध्ये ६३ ठरले, आणि सोबत स्पष्टीकरणही आले: मूळ संच २१ चा. आंबेहळदीत ४२, म्हणजे दोन संच. कधी काळी ४२ वाल्या आणि ८४ वाल्या झाडांचा संकर झाला असावा. एकीकडून निम्मी २१, दुसरीकडून निम्मी ४२, बेरीज ६३. हळद 'त्रिगुणित' ठरली. बीजपेशी बनताना तीन संच दोन घरांत सारखे वाटता येत नाहीत, म्हणून फुलोरा आला तरी बी क्वचितच धरते. अक्षय तृतीयेच्या सुमारास लागण करणाऱ्याला हे सांगायला कोणी लागले नव्हते. तो पिढ्यान्‌पिढ्या गड्डेच बेणे म्हणून ठेवत आला आहे.

पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे 'त्रिगुणित' हा शब्द निवांत होता. २००७ मध्ये भारतभरच्या रानहळदींची मोजणी प्रसिद्ध झाली आणि तो डळमळला. त्या यादीत ४२, ६३ आणि १०५ होते. या सगळ्यांना २१ ने भाग जातो. पण एक आकडा ७७ निघाला. त्याला २१ ने भाग जात नाही, ७ ने जातो. मग मूळ संच ७ चा धरावा लागतो, आणि त्या हिशेबाने आंबेहळद सहा संचांची, आपली हळद नऊ संचांची. झाड तेच, गुणसूत्रे तीच, नाव मात्र त्रिगुणितचे 'नवगुणित'.

जुन्या बाजूचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. हळदीच्या जवळच्या भारतीय नातलगांत आकडा ४२ च्या खाली उतरत नाही, म्हणजे सातांच्या दोनच संचांचा पूर्वज डोळ्यांसमोर नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे तसे नाही. तिची ५६ म्हणजे सातांचे आठ संच यावर वाद होत नाही, कारण १४ वाली रानटी स्ट्रॉबेरी आजही उगवते. तरीही ७७ चे काय करायचे, याचे सरळ उत्तर २१ वाल्यांकडे नाही. मला सातांचाच हिशेब पटतो. एकविसाचा संच हा फार पूर्वी सातांचे तिप्पट होऊन मुरलेला असावा. तसे असेल तर दोन्ही शब्द आपापल्या काळापुरते खरे ठरतात. पण तक्ते छापणारे 'केव्हापासून मोजले' हे लिहीत नाहीत.

उसाने तर बेरीजच मोडली. कोइमतूरला १९१२ च्या सुमारास ८० गुणसूत्रांचा जाडा ऊस ६४ वाल्या रानउसाशी जुळवला. निम्मे-निम्मे धरून ७२ यायला हवीत, आली ११२. आईने ८० च्या ८० पुढे पाठवली होती. आज कृष्णाकाठी तोडणीला येणाऱ्या संकरित उसात शंभर ते एकशे तीसच्या दरम्यान काहीही निघते.

हळदीत बी अगदीच धरत नाही असे नाही. अशा बियांची रोपे वाढवून, त्यांतून निवडून वाणही काढले गेले आहेत. रोपारोपांत आकडा वेगळा निघतो, तो मोजायला मुळाची कोवळी टोके सूक्ष्मदर्शकाखाली जातात. आंबेहळदीचे ४२ मात्र एका तक्त्यात 'द्विगुणित', दुसऱ्यात 'षड्‌गुणित' असे अजून छापले जातात.