टिप्स स्टेंट : पात्रता कशी ठरते आणि फाइलमध्ये काय लागते

सिरोसिसने यकृत कठीण झाले की आतडी आणि प्लीहेकडून येणारे रक्त त्यातून सहज पुढे सरकत नाही. हे रक्त यकृतात आणणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब चढतो, अन्ननलिकेच्या शिरा फुगून फुटतात, पोटात पाणी साठते. टिप्समध्ये मानेतल्या शिरेतून यकृतापर्यंत जाऊन पोर्टल शीर आणि यकृतशीर यांच्यामध्ये स्टेंट बसवतात. पोट उघडावे लागत नाही. मात्र यामुळे यकृत बरे होत नाही, फक्त दाब उतरतो. शिवाय यकृताने गाळायचे रक्त आता न गाळता थेट हृदयाकडे आणि पुढे मेंदूकडे जाते. ते या दोघांना सोसेल का, हा पात्रतेचा खरा प्रश्न आहे आणि बहुतेक फाइली इथेच अडतात.

कोणाचा विचार होतो

औषधे आणि एंडोस्कोपीतले बँडिंग (फुगलेल्या शिरांना रबरी कडी बांधणे) करूनही रक्तस्राव थांबत नसेल किंवा पुन्हा होत असेल, तर टिप्सचा विचार होतो. काही रुग्णांमध्ये मात्र पुन्हा रक्तस्राव होण्याची वाट पाहत नाहीत. चाइल्ड-प्यू गुण (यकृताचा आजार किती गंभीर ते सांगणारे, ए, बी, सी अशा गटांत मोडणारे) १० ते १३ असतील, किंवा गट बी मध्ये ७ पेक्षा जास्त गुण असून एंडोस्कोपीच्या वेळी रक्त वाहताना दिसले असेल, तर ७२ तासांच्या आत स्टेंट बसवणे फायद्याचे ठरते. अशा वेळी कागदपत्रे आणि उपचार बरोबरीनेच चालतात.

दुसरा मोठा गट पोटातल्या पाण्याचा. मीठ कमी करून आणि लघवीची औषधे वाढवूनही पाणी हटत नाही, किंवा औषधांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) वाढते, सोडियम घसरते, म्हणून औषधेच बंद करावी लागतात. इथे पाणी काढल्याच्या नोंदी कळीच्या ठरतात : तारीख, किती लिटर, अल्ब्युमिन (शिरेतून देतात ते प्रथिन) दिले का आणि किती. 'वारंवार पाणी काढावे लागते' एवढेच लिहिलेले असेल तर पात्रता ठरवणाऱ्या समितीला त्यावरून काही ठरवता येत नाही. यकृतामुळे छातीत साठणारे पाणी आणि यकृतशिरा बंद पडण्याचा बड-किआरी आजार हीदेखील मान्य कारणे आहेत.

कोणाला नकार मिळतो

हृदय निकामी असणे, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत तीव्र उच्चदाब, हृदयाच्या ट्रायकस्पिड झडपेची मोठी गळती, आटोक्यात नसलेला जंतुसंसर्ग आणि न सुटलेला पित्तमार्गाचा अडथळा असेल तर साधारणपणे टिप्स करत नाहीत. कारण सापडत नसताना वारंवार भ्रम किंवा गुंगी येत असेल तरीही नकारच मिळतो. पाण्यासाठी टिप्स करायचे असेल आणि बिलिरुबिन ३ च्या वर किंवा प्लेटलेट ७५ हजारांच्या खाली असतील, तर डॉक्टर फार सावध होतात. मेल्ड गुण (रक्तचाचण्यांवरून काढलेला यकृताच्या गंभीरतेचा आकडा) १८ च्या पुढे गेल्यास धोका स्पष्ट वाढतो. अशा वेळी यकृत प्रत्यारोपणाची चर्चा त्याच बैठकीत व्हायला हवी, टिप्सनंतर नव्हे.

फाइलमध्ये काय हवे

पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी ताजा हवा आणि नुसत्या छापील रिपोर्टवर भागत नाही, चित्रांची सीडी लागते. पोर्टल शीर कुठे दुभंगते, तिच्यात रक्ताची गाठ आहे का, सुईच्या वाटेत ट्यूमर आहे का, हे डॉक्टरांना स्वतः पाहायचे असते. जोडीला डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), एंडोस्कोपीचे रिपोर्ट, रक्तगट, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी), क्रिएटिनिन, सोडियम आणि ईसीजी.

टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) सगळ्यात जास्त वेळा परत येतो. 'इको नॉर्मल' ही एक ओळ पुरत नाही. इजेक्शन फ्रॅक्शन, डायस्टोलिक कार्य, उजव्या बाजूचा दाब आणि ट्रायकस्पिड झडप, हे चारही मुद्दे लिहून आणावेत. भ्रमाच्या आधीच्या झटक्यांच्या तारखा आणि तेव्हा सापडलेले कारण (बद्धकोष्ठता, संसर्ग, झोपेची गोळी) वेगळ्या कागदावर लिहा. नातेवाईक हे अनेकदा संकोचाने लपवतात, आणि नेमका हाच भाग पुढे महागात पडतो. रक्त पातळ करणारी औषधे, मेटफॉर्मिन आणि कॉन्ट्रास्टची अ‍ॅलर्जी यांची नोंदही हवी.

आयएनआर कागदावर चांगला दिसावा म्हणून प्लाझ्मा चढवण्याचा आग्रह धरू नये. सिरोसिसमध्ये त्या आकड्यावरून रक्तस्रावाचा धोका नीट कळत नाही, उलट जादा द्रवाने पोर्टल दाब वाढतो.

संमतीपत्र रुग्ण शुद्धीवर आणि स्पष्ट असताना घ्यावे. गुंगीतली सही ग्राह्य नसते. त्या स्थितीत कायद्याने अधिकार असलेल्या नातेवाइकाची सही लागते. संमतीपत्रात पोटात रक्तस्राव, यकृत आणखी खालावणे, भ्रम आणि पुन्हा प्रक्रिया लागण्याची शक्यता यांचा उल्लेख आहे का ते पाहा.

प्रक्रियेच्या दिवशी

घन अन्न किमान सहा तास बंद. पोट तट्ट असेल तर आधी पाणी काढतात. पाच लिटरपेक्षा जास्त निघाल्यास दर लिटरमागे सुमारे ८ ग्रॅम अल्ब्युमिन देतात. भूल पूर्ण किंवा गुंगीची. सोनोग्राफीच्या आधाराने बहुधा मानेच्या उजव्या शिरेत शिरून नळी यकृतशिरेत नेतात, तिथून यकृताच्या आरपार सुईने पोर्टल शीर गाठतात. सगळ्यात अवघड टप्पा हाच. सुई यकृताच्या आवरणाबाहेर गेली तर पोटात रक्त साचते. मग फुग्याने वाट रुंदावून बहुधा ८ ते १० मिलिमीटरचा आच्छादित स्टेंट बसवतात. त्याचे वरचे टोक यकृतशीर जिथे महाशिरेला मिळते तिथपर्यंत पोहोचले नाही, तर उरलेल्या तुकड्यात पुढे अरुंदपणा येतो. रक्तस्रावासाठी केलेल्या टिप्समध्ये दोन्ही शिरांतला दाबाचा फरक १२ मिमी पाऱ्याच्या खाली आणतात.

त्यानंतर

साधारण तिघांपैकी एकाला पुढे भ्रमाचा त्रास होतो. दिवसा झोप येणे आणि रात्री झोप उडणे, हात थरथरणे, सही बिघडणे ही पहिली चिन्हे. लॅक्टुलोज (पोट साफ करणारे पातळ औषध) रोज दोन-तीन मऊ शौच होतील इतके द्यावे. जास्त झाल्यास जुलाब होऊन शरीर कोरडे पडते आणि भ्रम वाढतो. प्रथिने बंद करू नयेत, स्नायू झिजले की भ्रम वाढवणारा अमोनिया रक्तात आणखी चढतो. औषधांनी भागले नाही तर स्टेंट आतून अरुंद करता येतो.

पहिला डॉपलर काही दिवस थांबून करतात, कारण नव्या आच्छादनात अडकलेल्या हवेमुळे आतला प्रवाह सुरुवातीला दिसतच नाही आणि स्टेंट बंद पडल्याचा खोटा संशय येतो. पुढे साधारण दर सहा महिन्यांनी डॉपलर. डिस्चार्ज घेताना स्टेंटचा प्रकार, मापे आणि आधीचे-नंतरचे दाब लिहिलेला कागद आणि इम्प्लांट कार्ड मागून घ्या. पुढच्या एमआरआयला आणि स्टेंट पुन्हा उघडायची वेळ आल्यास तेच पहिले विचारतात.