टवका उडालाय की थर सुटलाय?

स्कीच्या, म्हणजे बर्फावरून घसरायला पायात घालायच्या लांब पट्टीच्या वरच्या बाजूला, अगदी कडेला रंग गेलेला दिसतो. तिथे नुसता टवका उडालेला असू शकतो, नाहीतर आतले थर एकमेकांपासून सुटायला लागलेले असू शकतात. लांबून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून टवका बघून कुणी उगाच धास्तावतो आणि थर सुटलेल्या जागी कुणी नेलपॉलिश फासून मोकळा होतो. दुसरी चूक फार वाईट.

टवका बहुतेक वेळा आपलीच दुसरी स्की उडवते. वळताना स्की एकमेकींवर चढतात आणि एकीची पोलादी कड दुसरीच्या टॉपशीटवर बसते. टॉपशीट म्हणजे वरचं चित्र छापलेलं पातळ प्लॅस्टिक. स्कीची ताकद त्याखालच्या फायबरग्लासमध्ये आणि बहुतेक स्कीमध्ये असणाऱ्या लाकडी गाभ्यात असते. म्हणून टवक्याने स्कीच्या चालीत काही फरक पडत नाही. सुटू पाहणारा पापुद्रा धारदार पात्याने कापा, जागा पॉलिशपेपरने घासा आणि इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या चिकट्याचा, पातळ हात द्या. रंग जुळवायचा असेल तर नेलपॉलिश इथे खुशाल वापरा. टॉपशीटची काटकोनी कड कानशीने थोडी तिरपी केली, तर पुढचे टवकेही कमी उडतात.

थर सुटणं हे वेगळं दुखणं आहे. इथे थरांना धरून ठेवणारा चिकटा हरलेला असतो. बहुधा टोकाला किंवा शेपटीला, नाहीतर दगडावर आपटलेल्या जागी. त्या फटीत पाणी शिरतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाचर ठोकावी तशी फट वाढत जाते. वरून रंग लावला की ओल आत कोंडली जाते आणि लाकूड कुजायला लागतं.

ओळखायचं कसं? कडेवर अंगठा दाबा. टवका असेल तर खाली घट्ट लागतं. थर सुटला असेल तर जागा किंचित दबते, कधी फटीतून पाण्याचा थेंबही येतो. मग स्की हलकेच वाकवून बाजूने बघा. वाकवल्यावर फट उघडत-मिटत असेल तर शंका नको.

दुरुस्तीत घाई नडते ती वाळवण्यात. उबदार खोलीत स्की दोन-तीन दिवस तरी उभी ठेवा. हीट गन अगदी जवळ धरू नका, जास्त उष्णतेने शाबूत चिकटाही सैल होतो. मग फट पातळ पात्याने जरा उघडी धरून इपॉक्सी खोलवर सारा. पाच मिनिटांत घट्ट होणारं नको. ते खोल पोचण्याआधीच आळतं आणि ठिसूळ राहतं. हळू आळणारंच घ्या. वर-खाली मेणकागद आणि लाकडी पट्ट्या ठेवून क्लॅम्प आवळा, पण इपॉक्सी सगळं बाहेर पिळून निघेल इतकं नाही. २४ तास हात लावू नका.

फट बाइंडिंगखाली (बूट स्कीला अडकवणाऱ्या भागाखाली) किंवा त्याच्या जवळ असेल, तर घरी प्रयोग न करता स्की थेट कारागिराकडे न्या. बाइंडिंगचे स्क्रू तिथेच धरलेले असतात.

क्लॅम्प काढल्यावर स्की पुन्हा वाकवून बघा. फट हलली नाही, तरच रंगाची बाटली उघडा.