‘पोट्टी जेवत नाही’ : आजाराचं नाव गावापर्यंत का पोचलं नाही

अंगणवाडीत एक रंगीत पट्टी असते. लेकराच्या दंडाला गुंडाळायची; घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला की लाल रंग, म्हणजे ‘सॅम’, अतितीव्र कुपोषण. पट्टी ६ महिने ते ५ वर्षं एवढ्याच वयासाठी. मेळघाटातले बालमृत्यू १९९३ मध्ये गाजले आणि त्यानंतर विदर्भात पोरांच्या खाण्याचा प्रश्न म्हणजे घरात दाणा आहे का, हाच प्रश्न झाला. तेव्हा ते रास्तच होतं. पण भाकर-वरणाचं ताट तसंच ठेवून उठणारी चौदा वर्षांची मुलगी, आमच्या बोलीत ‘पोट्टी’, यात कुठेच बसत नाही. तिचा प्रश्न दाण्याचा नाही, खाण्याच्या विकाराचा आहे.

वैद्यकाच्या पुस्तकातही तिला जागा उशिराच मिळाली. इंग्लंडच्या रिचर्ड मॉर्टनने १६८९ मध्ये दुसरा कुठलाही रोग नसताना खंगत गेलेले दोन रुग्ण नोंदवले. एक अठरा वर्षांची मुलगी, दुसरा सोळा वर्षांचा मुलगा. त्या मुलाला पुढे सगळे विसरले! १८७३ मध्ये लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे लासेग या डॉक्टरांनी हा आजार एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडला. ‘अ‍ॅनोरेक्झिया नर्व्होसा’, म्हणजे अन्न असूनही खाणं टाळत खंगत जाणं, हे नाव गल यांचं. बुलिमियाचं, म्हणजे भसाभस खाऊन मग ते ओकून टाकण्याच्या आजाराचं, वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केलं. विसाव्या शतकात अ‍ॅनोरेक्झियाच्या निदानाच्या अटी ठरल्या त्या अशा : जाड होण्याची भीती हवी, मुलीची पाळी बंद व्हायला हवी. म्हणजे पाळीच न आलेली पोर आणि मुलगा, दोघांनाही दार जवळजवळ बंद.

हाँगकाँगमध्ये मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांच्या रुग्ण मुली जाडीचं नावही काढत नव्हत्या. पोट भरल्यासारखं वाटतं, म्हणत. दिल्लीच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये पाच तरुणींबद्दल असंच लिहिलं. मानसिक आजारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेतली पाळीची अट गेली ती थेट २०१३ मध्ये. त्याच वेळी ठरावीकच खाणारी, घास अडकेल म्हणून घाबरणारी मुलंही यादीत आली, आणि माती खाणंही खाण्याच्या विकारांत धरलं गेलं.

माती खाणं आपल्याकडे कुणाला नवं नाही. घर पोतारायची पांढरी माती, पाटीवरची लेखणी, खडू. घरचे म्हणतात जंत झाले. शरीरात लोह कमी असलं की असं होऊ शकतं, आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांमध्येही हे जास्त दिसतं. सिकलसेल बराच आढळणाऱ्या विदर्भात ही गोष्ट विसरून चालत नाही.

न जेवणाऱ्या मुलीसाठी मात्र आधी मीठ-मोहरी ओवाळून चुलीत जाते. ‘नजर लागली वो बाई.’ मग तिचे गुरुवार सुरू होतात, त्याला सोमवार जोडला जातो. साबुदाण्याची उसळही ती दोन घास खाऊन सारते, आणि घरात कौतुक होतं की पोरगी देवाधर्माची आहे.

२०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. त्यात पोषण आणि मानसिक आरोग्य, दोन्ही विषय आहेत, पण वेगवेगळे. ही मुलगी पोषणाच्या रांगेत उभी राहते आणि आठवड्याची लोहाची निळी गोळी घेऊन घरी येते.